पडदेबाईंची जोडी

तलावाकडे तोंड असलेली एकही मोठी खिडकी त्या गावात अशी नसेल, जिचं माप पडदेबाईंनी घेतलं नाही. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या आणि पायाखाली हॉटेलवाल्यांनी कुठूनतरी ओढून आणलेलं डुगडुगतं स्टूल. लांबलांबून माणसं जो देखावा बघायला येत, त्याच्या अगदी तोंडाशी उभं राहून बाई वर रॉडकडे बघत असत. जुना पडदा उतरवला आणि नवा चढवला, यांच्यामधे काय तो तलाव दिसायचा. तेवढ्यातही मागून मॅनेजर म्हणायचा, "बाई, आटपा, पाहुणे खाली येऊन बसलेत." त्यामुळे तलाव म्हणजे ओल, ओलीने रिंगा गंजतात, तेव्हा रिंगा पितळीच घालायच्या, आणि डोंगर म्हणजे दुपारनंतरचं ऊन, तेव्हा अस्तर जाड लावायचं, एवढीच त्यांची निसर्गाशी ओळख होती.

लग्न राहून गेलं. "राहून गेलं" हे शब्द त्यांचेच. कोणी विचारलं तर एखाद्या पडद्याची दुमड घालायची राहून गेली असावी, तशा सुरात त्या सांगत. धाकटी बहीण मात्र वेळेवर लग्न करून गेली, आणि नवरा वारल्यावर एक सुटकेस आणि एक भलामोठा कुकर घेऊन परत आली. तेव्हापासून दोघी विजेच्या सामानाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत. पुढच्या खोलीत लांब टेबल आणि मशीन, मागच्या खोलीत दोन पलंग. मधल्या दाराला पडदा नव्हता.

"पडदेवालीच्या घरात पडदा नाही," धाकटी येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगायची.

"आता घरचेही मीच शिवू? जीव आहे की मशीन?" बाई म्हणायच्या.

धाकटी बोलायची, बाई ऐकायच्या. मशीनचा आवाज चालू असला तरी धाकटी बोलायची, आणि बाईंना त्या खडखडाटातूनही तिचं सगळं कळायचं. सवयच झाली होती.

मग गुडघे बोलायला लागले. सुईत दोरा जाईना. बाईंनी एकेक हॉटेल सोडत सोडत दुकान बंद केलं, आणि टेबल विकून टाकल्यावर पुढची खोली एकदम इतकी मोठी झाली की त्यात काय करायचं ते त्यांना समजेना. धाकटीनेच मग त्यांना हाताला धरून ज्येष्ठांच्या मंडळात नेलं. "जन्मभर लोकांच्या खिडक्या झाकल्यास," ती म्हणाली, "आता जरा बाहेर बघ."

मंडळ म्हणजे वाचनालयाच्या मागची एक खोली. तिथे आठवड्यातून एकदा पत्ते, एकदा हातपाय हलवायचा व्यायाम, आणि दर महिन्याला एक सहल. धबधबा, धरण, बाग, डोंगरमाथा, तलाव. गावाच्या आसपास बघण्यासारखं इतकं होतं, आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी ते कधी बघितलं नव्हतं, कारण उन्हाळाभर सगळे पाहुण्यांच्या सेवेत. कोणी खोल्या झाडल्या होत्या, कोणी पाव भाजले होते, कोणी गाड्या धुतल्या होत्या. आता सगळी मंडळी कॅनव्हासचे बूट घालून, गळ्यात पाण्याची बाटली अडकवून, पाहुण्यांसारखी बसमधून हिंडत.

हे सगळं चालवायचे शिट्टीमास्तर. शाळेत व्यायाम शिकवत होते. निवृत्त झाले तरी शिट्टी गळ्यातून गेली नव्हती. सुरुवातीला ते बस सुटायच्या आधी डोकी मोजायचे. पण म्हाताऱ्या माणसांची डोकी मोजणं म्हणजे पाण्यावरचे बुडबुडे मोजण्यासारखं. अर्ध्यात पोचले की कोणीतरी औषध काढायला उठे, कोणी खिडकी बदले, कोणी खाली उतरून परत येई, आणि मास्तर पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी निराळा आकडा. एकदा तर स्वतःला धरायचं की नाही यावरून त्यांचं ड्रायव्हरशी भांडण झालं. शेवटी त्यांनी शाळेतली युक्ती काढली. जोड्या. प्रत्येकाने एकाच माणसाकडे लक्ष ठेवायचं. शिट्टी वाजली की शेजारी बघायचं. ज्याची जोडी जागेवर नसेल त्याने हात वर करायचा. एकही हात वर नाही, म्हणजे सगळे आले. "चला!"

युक्ती फार सोपी होती आणि कधी चुकली नव्हती. संख्या विषम होऊन जो उरे त्याला मास्तर एखाद्या जोडीला जोडून देत. "तुम्ही यांच्यात तिसरे."

दोघी बहिणींची जोडी तर जन्मतःच ठरलेली. खिडकीशी धाकटी, कडेला बाई, कारण बाईंना पाय लांब करायला लागत. धाकटी बाहेर बघून सांगायची. "ताई, बघ, केवढं पाणी! ताई, ते बघ, बकरी कड्यावर कशी चढलीय, हिला कोणी सांगितलं होतं?" बाई तिच्या खांद्यावरून बघायच्या. खरं सांगायचं तर बऱ्याचदा बघायच्याही नाहीत, नुसतं ऐकायच्या.

मग मास्तरांनी त्यांच्यात घड्याळवाल्यांना तिसरे म्हणून घातलं.

घड्याळवाले म्हणजे बाजारातल्या चौकातले घड्याळदुरुस्तीवाले. विधुर, नीटनेटके, बोलताना डोळा बारीक करणारे. त्यांची बसमधली जोडी मुलाकडे राहायला गेली, म्हणून हे बहिणींच्या मागच्या बाकावर आले. धाकटीचं मनगटी घड्याळ मागे पडत होतं. ते त्यांनी दुरुस्तीला नेलं आणि परत द्यायला इतके दिवस लावले, की तेवढ्यात नवं बनवून झालं असतं. अधूनमधून ते घड्याळ "बघायला" जिना चढून येत. बाई चहा टाकत. त्यांना वाटे, माणूस चहाला येतो.

एक दिवस ते म्हणाले, "ताई, माझ्या घरचे पडदे अगदी गेलेत हो. तुम्ही काम सोडलंय हे माहीत आहे, पण..."

बाईंनी मशीनवरचं कापड काढलं. डोळ्यांना त्रास होत असताना, दोरा ओवायला धाकटीला सारखं हाका मारत त्यांनी त्या घराचे सगळे पडदे शिवले. कापड धाकटीने निवडलं. रंगही तिनेच. फिकट निळा. बाईंना तो नको होता, लवकर मळतो, पण धाकटी हट्टालाच पेटली. आणि पडदे चढवायला गेल्यावर बाई स्टुलावर, हात वर, तोंडात टाचण्या, अशा असताना धाकटी खालून म्हणाली, "ताई, तुला खरंच नाही का आवडला रंग? मला आता रोज बघायचाय."

टाचण्या तोंडात असल्यामुळे बाईंना काही बोलता आलं नाही. तेच बरं झालं. त्यांनी उरलेल्या रिंगा एकेक करून रॉडमधे ओवल्या, चुण्या सारख्या केल्या, आणि खाली उतरल्यावर म्हणाल्या, "मळेल. धुवायला लागेल सारखा."

"धुवेन," धाकटी म्हणाली आणि रडायला लागली. मग बाईंनाच तिची समजूत घालावी लागली.

लग्न म्हणजे कचेरीत जाऊन सह्या. मंडळातल्यांनी टाळ्या वाजवल्या, चेष्टा केली. "घड्याळवाल्यांनी वेळ अचूक साधली!" बाईही हसल्या. कुकर धाकटी घेऊन गेली. सुटकेसही गेली. बाईंकडे मागच्या खोलीत दुसरा पलंग राहिला, त्यावर त्या वाळलेले कपडे घडी घालून ठेवू लागल्या. सकाळी हात आपोआप दोघींचं पाणी चुलीवर ठेवी. एक कप त्या तेव्हा पीत आणि दुसरा झाकून ठेवून नंतर गरम करून पीत. वाया कशाला घालवायचा? पण गरम केलेला चहा कडू लागे.

धाकटी लांब गेली नव्हती. चौकापलीकडे. रोज फोन करी, पण फोनमधे मागून घड्याळवाल्यांचा आवाज येई, "माझा चष्मा कुठे ठेवलास?" आणि धाकटी "थांब हं ताई" म्हणून जाई. परत येईपर्यंत ती काय सांगत होती ते विसरलेली असे.

पुढच्या सहलीच्या आधी ती म्हणाली, "ताई, आता तू आमच्यात तिसरी. मी मास्तरांना सांगते."

इतकी वर्षं जी जोडी बाईंची होती, तिच्यात आता त्यांनी तिसरं व्हायचं. "काही नको," त्या पटकन म्हणाल्या. "माझी जोडी ठरलीय."

"कोणाशी?"

"नर्सबाईंशी."

हे त्या क्षणी सुचलं. नर्सबाईंची जोडी बेकरीवाली गुडघ्याच्या ऑपरेशनला मुलीकडे गेली होती, म्हणजे नर्सबाई मोकळ्या असणार. बसमधे चढताना विचारू, त्या नाही म्हणायच्या नाहीत, असा बाईंचा हिशोब.

"बरं झालं बाई," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजातली सुटका बाईंना स्पष्ट ऐकू आली. त्यांनीच ती दिली होती, तरी लागली.

सहलीच्या सकाळी बाई बसपाशी पोचल्या तर आत टाळ्यांचा गजर. बेकरीवाली काठी टेकत आली होती. "घरात बसून गुडघा नाही, डोकं दुखायला लागलं," ती सांगत होती, आणि नर्सबाई तिचा हात धरून तिला बाकावर बसवत होत्या. बाई दारातच घुटमळल्या. मग मागच्या दाराजवळच्या एकट्या बाकावर जाऊन बसल्या. घड्याळवाल्यांना घाटात मळमळतं म्हणून धाकटी अगदी पुढे बसली होती. तिने मान वळवून हाक मारली, "ताई, बसलीस ना?"

"बसले!"

शिट्टी वाजली. सगळ्यांनी आपापल्या शेजारी बघितलं. बाईंनी शेजारी बघितलं तर त्यांची शाल होती. हात वर करायचा तर कोणासाठी? एकही हात वर झाला नाही. "चला!"

सहल डोंगरमाथ्याची होती. वरून सगळं दिसतं असं सगळे म्हणत, आणि दिसतही होतं. तलाव खाली ताटलीएवढा, पलीकडे डोंगरांच्या रांगा, एकीमागे एक, शेवटची इतकी फिकी की ती डोंगर की ढग ते कळू नये. जोड्या कठड्याशी उभं राहून एकमेकांचे फोटो काढत होत्या. बाईंना दोन-तीन जणांनी आपला फोन हातात देऊन "जरा आमचा काढता का?" म्हटलं. त्यांनी काढले. डोकी कापली जाऊ नयेत याची काळजी घेतली. माप घेण्याची सवय.

जेवणाचे डबे संपले. बस सुटायला अवकाश होता. रस्ता पुढे वळतो तिथे जुनं विश्रामगृह आहे, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी ते एक. जाड हिरवट कापड, दुहेरी अस्तर, कारण वर वारा फार. त्या सहज म्हणून तिकडे गेल्या. पडदे असतील का अजून, एवढंच बघायचं होतं.

खिडक्यांना प्लॅस्टिकच्या पट्ट्या होत्या, दोरी ओढली की गोळा होणाऱ्या. बाई काचेला नाक लावून आत बघत राहिल्या. रॉडच्या जुन्या खुंट्या तशाच भिंतीत होत्या, त्यांवर कोणी टोप्या अडकवल्या होत्या. खुंट्या मारायला त्या दिवशी धाकटी बरोबर आली होती, शाळेला दांडी मारून. हातोडी तिच्या अंगठ्यावर पडली होती. आपण तिच्यावर किती ओरडलो होतो ते बाईंना आठवलं, आणि इतक्या वर्षांनी, त्या बंद खिडकीशी उभं असताना, वाईट वाटलं. तेवढ्यात वाऱ्यावर कुठेतरी शिट्टी वाजल्यासारखी वाटली. त्या जमेल तितक्या भरभर निघाल्या. पण असल्या गुडघ्यांनी भरभर म्हणजे किती?

वळणावर आल्या तेव्हा बस घाटाच्या पहिल्या वाकणाला लागली होती. मागचा दिवा लाल झाला, विझला, आणि बस कड्याआड गेली.

"अहो!" त्या म्हणाल्या. हळूच. ओरडायला संकोच वाटला.

कठड्याशी दुर्बीणवाला उरला होता. तिकाटण्यावर मोठी दुर्बीण लावून तो पाहुण्यांना लांबची शिखरं दाखवायचा.

"तुमचीच का हो बस?" त्याने विचारलं.

"येतील परत," बाई म्हणाल्या. "कळेल त्यांना."

"फोन नाही?"

"आहे की." त्यांनी पिशवीतून फोन काढला. चार्ज भरपूर होता, रेंजही होती. माथ्यावर तर गावापेक्षा चांगली.

"मग लावा ना. फार लांब नाही गेली."

बाईंनी फोन हातात धरला. धाकटीचा नंबर सगळ्यात वर होता. अंगठा टेकवला की झालं. पण अंगठा टेकेना. आपण लावला तर आपण हरवलो हे आपणच सांगणार. तिला स्वतःहून कळतं का? मागे वळून ती बघेल. निदान वाकणावर, निदान पायथ्याशी चहाला थांबतील तेव्हा. "ताई कुठाय?" एवढंच तिने म्हणायचं होतं.

"रेंज बरोबर लागत नाहीये," त्या दुर्बीणवाल्याला म्हणाल्या, आणि फोन मांडीवर उताणा ठेवून कठड्यावर बसल्या.

तो हसला नाही. "या, बघा तरी तोवर," म्हणाला. त्याने दुर्बीण रस्त्याकडे फिरवली. बाईंनी डोळा लावला. एकदम समोर, हाताने धरता यावी इतकी जवळ, पिवळी बस. मागच्या काचेतून त्यांची शाल बाकावर दिसत होती. बस शांतपणे चालली होती. कोणी उठलेलं नव्हतं, कोणी हात हलवत नव्हतं. मग झाडं आली.

फोन वाजला. बाईंच्या हातातून सुटून तो जवळजवळ कठड्यापलीकडेच गेला असता. "हॅलो! हॅलो!"

"पडदेबाई ना? तलावावरच्या हॉटेलातून बोलतोय. आमच्या हॉलचे पडदे धुतले तर आटलेत हो. जरा येऊन बघता?"

"मी काम सोडलंय," बाई म्हणाल्या.

"अहो, नुसतं बघायला."

"आटायचेच. कापड आधी पाण्यातून काढलेलं नसणार. आता फोन ठेवा, मला फोन यायचाय."

तो आला नाही. ऊन उतरलं, तलावाचा रंग बदलत बदलत राखाडी झाला. देखावा इतका वेळ सलग बघायची बाईंच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. पाणी कसं काळोखतं, डोंगरांच्या रांगा मागच्यापासून एकेक कशा पुसल्या जातात, ते त्यांनी सगळं बघितलं, आणि सांगायला शेजारी कोणी नव्हतं. धाकटी असती तर तोंडाला खळ पडला नसता.

दुर्बीणवाल्याने दुर्बीण पोत्यात गुंडाळली. "साधी बस येईल आता, शेवटची. चला, मीही त्यानेच जातो."

त्या बसमधे सामानाच्या गोण्यांच्या आणि कामावरून परतणाऱ्या माणसांच्या मधे बाई उभ्या राहिल्या. कोणीतरी उठून जागा दिली. घाटाच्या मध्यावर फोन वाजला. धाकटी.

"ताई, पोचलीस का गं? उतरताना दिसलीच नाहीस. यांना इतकं मळमळलं, मी यांनाच धरून घरी आणलं. तुझी शाल मास्तरांकडे आहे, विसरलीस. रागावून नाही ना गेलीस?"

बाईंनी काचेतून बाहेर बघितलं. काचेत त्यांचाच चेहरा होता.

"नाही गं. गर्दी होती."

"म्हणजे पोचलीस ना?"

"पोचले," बाई म्हणाल्या.

"बरं. जेव नीट."

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. दिवसाढवळ्या हरवलेली बाई परत सापडली, आणि ती हरवली होती हे कुणालाच ठाऊक नाही. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं. आला तो रागच, आणि तोही कोणावर काढावा ते समजेना. नर्सबाईंचा काय दोष, मास्तरांचा काय दोष? धाकटीला तर आपणच सांगितलं होतं, माझी जोडी ठरलीय. शाल आणायला गेल्या तेव्हा मास्तर म्हणाले, "तब्येत बरी ना, बाई? उतरल्या उतरल्या गेलात." बाईंनी शाल घेतली.

महिनाभर त्या पत्त्यांना गेल्या नाहीत. पुढची सहल तलावावर होती, होडीतून पलीकडच्या बागेत. जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण सकाळ झाली, दोघींचा चहा झाला, दुसरा कप झाकून ठेवताना त्या थांबल्या, आणि बूट शोधायला लागल्या.

बसमधे त्या त्याच एकट्या बाकावर बसल्या. धाकटीने पुढून विचारलं, "ताई, बसलीस ना?" बाईंनी उत्तर दिलं नाही. शिट्टी वाजली. सगळ्यांनी शेजारी बघितलं. आणि पडदेबाईंनी हात वर केला.

ड्रायव्हरने सुरू केलेलं इंजिन बंद केलं. "अरे, थांबा थांबा," मास्तर मागे आले. "कोण राहिलं, बाई?"

"कोणी नाही."

"मग तुमची जोडी कुठाय?"

"नाही."

"नाही म्हणजे? आत्ता तर सगळे चढले. कुठे गेल्या त्या?" मास्तर वाकून खिडकीतून बाहेर बघायला लागले. ते बघतात म्हणून बाकीचेही बघायला लागले. "वाचनालयात गेल्या असतील, तिथला नळ चालू असतो," कोणी म्हणालं. एक गृहस्थ उतरून हाका मारायला निघाले, पण हाक कोणाच्या नावाने मारायची ते न कळून पायरीवरच उभे राहिले. "शेवटचं कोणी बघितलं त्यांना?" नर्सबाईंनी कडक आवाजात विचारलं.

"अहो, मला जोडीच नाही," बाई म्हणाल्या. हात अजून वरच होता. तो खाली घ्यायचं त्यांना भान नव्हतं. "मागच्या खेपेलाही नव्हती. मी वरच राहिले होते. तुम्ही सगळे खाली आलात तेव्हा."

ड्रायव्हरनेही आरशातून मागे बघितलं.

"माथ्यावर?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा चेहरा उतरला. हाताने त्यांनी शिट्टी घट्ट धरली होती.

"हो. मग साध्या बसने आले." बाईंनी हात खाली घेतला. "चला आता. उशीर होतोय."

बस तलावावर पोचली. होडीच्या धक्क्यावर उतरल्यावर धाकटी घड्याळवाल्यांना एका बाकावर बसवून तरातरा आली. गाल लाल झालेले.

"सगळ्यांसमोर बोललीस! आता लोक म्हणतील, नवरा मिळाला आणि बहिणीला डोंगरावर टाकून आली."

"टाकलं नाहीस. विसरलीस."

"तू म्हणालीस ना, नर्सबाई आहेत! तू म्हणालीस ना, पोचले!"

"म्हणाले."

"मग फोन का नाही लावलास मला? तुझ्या हातात फोन होता की नव्हता?"

"होता. तुझा येतो का ते बघत होते."

धाकटीने पर्सचा पट्टा खांद्यावर सारखा केला. मग हळू म्हणाली, "म्हणजे माझी परीक्षा घेत होतीस? या वयात?"

"हो."

"आणि नापास झाले."

"मीही झाले," बाई म्हणाल्या. "मला साधं सांगता आलं नाही, मला तिसरं व्हायचं नाही म्हणून."

धाकटीने नाक पुसलं. काही तरी बोलायला ती तोंड उघडत होती, तेवढ्यात बाकावरून हाक आली. घड्याळवाल्यांना औषधाची गोळी सापडत नव्हती. धाकटी बाईंकडे बघत राहिली. जागची हलली नाही.

"जा," बाई म्हणाल्या. "पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात असेल. तिथेच ठेवतेस तू सगळं."

ती गेली. गोळी तिथेच होती. नंतर ती नवऱ्याला घेऊन होडीत बसली, आणि बाई दुसऱ्या होडीत, बेकरीवालीच्या काठीसाठी जागा करून देत, टोकाला. पाणी पहिल्यांदा त्या इतक्या जवळून बघत होत्या. ते हिरवं होतं, खिडकीतून नेहमी निळं दिसायचं. ही गोष्ट त्यांनी शेजारच्या बेकरीवालीला सांगितली. बेकरीवाली म्हणाली, "हो का?" आणि गुडघा चोळत राहिली.

परतताना मास्तर बसच्या दारात त्यांच्याजवळ आले. रात्रभर जागलेल्या माणसासारखे दिसत होते. "बाई, माझी चूक. तुम्हाला कोणाच्या तरी जोडीत घालू. कोणाच्या ते तुम्ही सांगा."

"कोणाच्याच नको."

"मग तुमच्याकडे बघायचं कोणी?"

"तुम्ही. शिट्टी मारल्यावर माझ्याकडे एकदा बघा. मी असेन तर मान हलवीन."

"जरूर, जरूर," मास्तर म्हणाले. "लक्षात ठेवतो."

सगळे बसले. दमलेले, ओले, उन्हाने तांबूस झालेले. पुढच्या बाकावर धाकटीचं डोकं घड्याळवाल्यांच्या खांद्यावर कललं होतं. शिट्टी वाजली. सगळ्यांनी आपापल्या शेजारी बघितलं, एकही हात वर झाला नाही, आणि मास्तर सवयीने ड्रायव्हरकडे वळून म्हणाले, "चला!"

बाई उठून उभ्या राहिल्या. बस हलली होती, तोल जात होता. त्यांनी दोन्ही हातांनी वरचा दांडा पकडला.

"मास्तर," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी वळून बघितलं आणि जीभ चावली. "हो हो. बाई, आहात."

"आहे," पडदेबाई म्हणाल्या, आणि दांडा सोडून जपून खाली बसल्या.